दुःखाच्या घरी शेजारची चूल

घरात माणूस गेले की त्या घरची चूल पेटत नाही आणि जेवण शेजारून येते. महाराष्ट्रात ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागचा नियम कुणी विचारत नाही. स्मशानातून माणसे परतेपर्यंत शेजारच्या घरात पिठल्याचे पातेले उतरलेले असते. कुणी निमंत्रण देत नाही, कुणी आभार मानत नाही. काही भागांत या पहिल्या जेवणाला ‘कडू घास’ म्हणतात.

हा नियम फार जुना आहे. आश्वलायन गृह्यसूत्र या घरगुती संस्कारांच्या प्राचीन ग्रंथात अंत्यविधीनंतरच्या वागण्याविषयी तीन छोटी वाक्ये आहेत: त्या रात्री घरात अन्न शिजवू नये, विकत घेतलेल्या किंवा आयत्या मिळालेल्या अन्नावर राहावे, आणि तीन रात्री खारट खाऊ नये. पुढे याज्ञवल्क्य स्मृतीत हेच एका शब्दात येते, ‘क्रीतलब्धाशनाः’, म्हणजे विकत घेतलेले वा मिळालेले खाणारे. यातला ‘लब्ध’ महत्त्वाचा. मिळालेले अन्न याचा अर्थ कुणीतरी दिलेले अन्न. घरच्यांनी चूल पेटवू नये असे सांगणारा नियम दुसऱ्या कुणाची तरी चूल पेटलेली असेल हे गृहीत धरूनच लिहिला आहे. शेजाऱ्यावर मात्र त्यात कुठेही सक्ती नाही. ती बाजू रिवाजाने सांभाळली.

याज्ञवल्क्य स्मृतीच्या तिसऱ्या अध्यायाची सुरुवातच या प्रकरणाने होते, आणि त्यातले तपशील आजच्या मराठी घरातही ओळखीचे वाटतात. गेलेल्याला पाणी देऊन झाल्यावर सगळ्यांनी हिरवळीवर बसावे, वडीलधाऱ्यांनी जुन्या कथा सांगून त्यांचे मन वळवावे. मग लहान मुलांना पुढे घालून घरी परतावे. दारात कडुनिंबाची पाने चावावीत, आचमन करावे, अग्नी, पाणी, शेण, पांढरी मोहरी यांना स्पर्श करावा आणि दगडावर पाय ठेवून हळूच आत शिरावे. गावोगावी दारात निंबाचा डहाळा ठेवतात तो या परंपरेतला. तोंडात कडू पान आणि त्यानंतर पोटात शेजारचा भात, असा हा क्रम आहे.

शोक गुपचूप का करायचा, याचे उत्तरही याच प्रकरणात आहे. आप्तांनी गाळलेले अश्रू आणि शेंबूड मेलेल्याला नाइलाजाने खावा लागतो, म्हणून रडू नये, असे स्मृती सांगते. वाचताना हे कठोर वाटते. पण रडणाऱ्याला थांबवण्याची हीच रीत आपल्याकडे आजही चालते: ‘तू रडलीस तर त्यांना त्रास होईल.’ गावातल्या बायकांनी मात्र हा आदेश कधी पूर्ण मानला नाही. नवे माणूस भेटायला आले की गळ्यात पडून, हेल काढून, गेलेल्याच्या आठवणी शब्दांत गुंफत रडायचे, आणि ते माणूस बसले की पदराने डोळे पुसून पाण्याचा तांब्या पुढे करायचा. पोथीने मौन सांगितले, ओसरीने रडायला जागा दिली. माझ्या मते ओसरीनेच माणसांना जास्त सावरले.

महाराष्ट्रात याज्ञवल्क्य स्मृतीचा प्रभाव राहिला तो मुख्यतः मिताक्षरा या तिच्यावरच्या भाष्यामुळे. विज्ञानेश्वराने ते कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळात लिहिले. हे कल्याण म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. पुढे १७९० च्या सुमारास पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी ‘धर्मसिंधु’ रचला, आणि सुतक कुणाला किती दिवस या प्रश्नावर मराठी मुलखातले भटजी बहुधा त्याच ग्रंथाकडे वळू लागले. विसाव्या शतकात पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात, म्हणजे १९५३ साली, अंत्येष्टी, आशौच (सुतक) आणि श्राद्ध यांच्यावरचा सगळा मजकूर एकत्र मांडला.

आता सुतकाच्या हिशोबाकडे येऊ, कारण ताट कुठून येणार हे त्यावरच ठरते. मनुस्मृतीत वर्णानुसार दहा, बारा, पंधरा आणि तीस असे दिवस सांगितले आहेत. प्रत्यक्षात महाराष्ट्रात बहुतेक समाजांत दहा दिवसांचे सुतक रूढ झाले. सात पिढ्यांच्या आतल्या भावकीला पूर्ण दहा दिवस, त्यापलीकडच्यांना तीन, आणि लग्न झालेल्या मुलीला आईवडिलांचे तीन. आता एक गल्ली डोळ्यांसमोर आणा, जिच्यात दहा घरे एकाच आडनावाची, एकाच भावकीची. तिथे एक माणूस गेले की दहाही घरे सुतकात. घर शेजारचे असले तरी सुतक असलेल्या घरचे अन्न दुसऱ्याच्या सुतकाला चालत नाही, असे मानणारी घरे पुष्कळ. मग भाकरी येणार कुठून? सोयऱ्यांकडून किंवा दुसऱ्या आडनावाच्या घराकडून. सुनेच्या माहेरची, लेकीच्या सासरची माणसे अशा वेळी दुरड्या घेऊन का येतात आणि त्यांची वाट का पाहिली जाते, याचे कारण इथे सापडते. भावकीने खांदा द्यायचा आणि सोयऱ्यांनी घास, अशी कामाची वाटणी नियमातूनच झाली.

या वाटणीची काळी बाजूही सांगितली पाहिजे. कुणाच्या हातचे अन्न चालते याच्या रेषा जातीने आखलेल्या होत्या. दुःखाच्या दिवशीही त्या पुसल्या जात नसत. गावकुसाबाहेरच्या घरातून आलेली भाकरी गावातल्या घराने घेतली नाही, आणि गावातून तिकडे ताट गेले नाही. शेजार म्हणून ज्याचे कौतुक होते तो शेजार पुष्कळदा जातीच्या आतलाच होता.

चाळींनी यात थोडा बदल घडवला. १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे बांधलेल्या चाळींत एका मजल्यावर वेगवेगळ्या गावांची कुटुंबे राहू लागली. खोली एक, व्हरांडा सामायिक. कोकणातून भावकी येईपर्यंत दिवस-दोन दिवस जाणार, तोवर समोरच्या खोलीतूनच चहा आणि भात येणार. गिरणगावात शेजारी आधी पोचायचा, सोयरा नंतर.

हिंदू घरांपुरतीच ही रीत आहे असेही नाही. इ. स. ६२९ मध्ये मूताच्या लढाईत पैगंबरांचे चुलतभाऊ जाफर इब्न अबी तालिब मारले गेले, तेव्हा ‘जाफरच्या घरच्यांसाठी जेवण करा, त्यांच्यावर मन गुंतवणारे दुःख आले आहे’ अशा आशयाचे पैगंबरांचे वचन हदीसमध्ये, म्हणजे त्यांच्या वचनांच्या संग्रहात, नोंदले आहे. मराठी बोलणाऱ्या मुसलमान घरांतही पहिल्या दिवसांत नातलग-शेजारी जेवण पोचवतात, ते या वचनाला धरून.

मग जेवणात काय असते? तिखट-तेलकट नाही, गोड नाही, तळण नाही. सुतकात अनेक घरांत फोडणीही देत नाहीत. म्हणून पिठलं-भात, भाकरी, मुगाची मऊ खिचडी, ताक. हे पदार्थ परंपरेने ठरले असले तरी त्यांच्यामागे सोय आहे. रडून घसा सुजलेला असतो, कोरडा घास उतरत नाही, दोन-दोन दिवसांच्या जागरणाने पित्त वाढलेले असते.

वीस माणसांसाठी खिचडी करायची तर एक किलो तांदूळ, अर्धा किलो मूगडाळ आणि सुमारे सात लिटर पाणी लागते. एरवीपेक्षा सैल ठेवावी, कारण तासाभरात ती घट्ट होते, आणि सोबत एक तांब्या गरम पाणी न्यावे. पिठल्याला अर्धा किलो बेसन आणि तीन लिटर पाणी. बेसन आधी थंड पाण्यात कालवून मगच उकळत्या पाण्यात सोडावे. कोरडे पीठ थेट घातले तर गुठळ्या होतात आणि एवढ्या मोठ्या पातेल्यात त्या मोडता येत नाहीत. एक किलो ज्वारीच्या पिठाच्या साधारण बारा-तेरा भाकऱ्या होतात. त्या डब्यात गरम कोंडल्या तर वाफेने खालच्या ओल्या होतात, उघड्या ठेवल्या तर वरच्या कडक. म्हणून दुरडीत सुती फडक्यात गुंडाळाव्यात. ओले खोबरे घालू नये, उन्हाळ्यात ते आधी आंबते. पाच-सहा तासांपेक्षा जास्त वेळ राहणार असेल तर भात-खिचडी न देता भाकरी आणि कोरडी चटणी द्यावी. दुःखाच्या घरात जेवणाची वेळ कधीच ठरलेली नसते. बारा वाजता नेलेले ताट चार वाजता उघडले जाते.

बहुतेक वेळा चूक होते ती दिवसांच्या हिशोबात. पहिल्या दिवशी चार घरांतून भात येतो, निम्मा फुकट जातो. तिसऱ्या दिवशी राख सावडून झाली की गर्दी ओसरते. सहाव्या-सातव्या दिवशी कुणीच येत नाही, आणि दहाव्याची तयारी मात्र डोक्यावर असते. म्हणून जाणत्या बायका पहिल्याच संध्याकाळी आपसात दिवस वाटून घेतात: पहिला तुझा, दुसरा माझा, सहावा तिचा. घरात मधुमेहाचे औषध घेणारे कुणी आहे का, तान्हे मूल आहे का, हे विचारून ठेवतात. मोठ्या पातेल्याबरोबर या दोघांसाठी छोटा डबा वेगळा जातो आणि तो वेळेवर जातो. घरातले म्हातारे माणूस ‘भूक नाही’ म्हणते तेव्हा पाणीही प्यायलेले नसते. ताटापेक्षा आधी तांब्या पुढे करावा.

भांड्यांचीही एक रीत आहे. एरवी शेजारचे भांडे रिकामे परत करायचे नाही, चिमूटभर साखर तरी घालायची. सुतकातल्या घराने मात्र ते धुऊन रिकामेच परत करायचे, कारण त्या घरचे काही घ्यायचे नसते. कुणी ‘अगं, रिकामं कसं देऊ’ म्हणून संकोचले तर ‘राहू दे वैनी, नंतर बघू’ एवढेच म्हणावे. मराठी घरांत भांड्यांवर नाव कोरून घेण्याची पद्धत आहे, तिचा खरा उपयोग या दहा दिवसांत कळतो. पाच घरांचे डबे एका मोरीत पडले तरी प्रत्येक आपापल्या फळीवर पोचतो. भेटून निघताना ‘येतो’ म्हणायचे नाही, न बोलता उठायचे, हेही याच मर्यादेतले.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवला आणि तेराव्याचे गोड जेवण झाले की अन्नाची दिशा उलटते. दहा दिवस घरात येत होते ते आता घरातून बाहेर जाते. मुळात ही परतफेड होती, ज्यांनी घास आणला त्यांच्या पानात गोड घास. पण ती पुढे फार फुगली. गावजेवण घातले नाही तर नाव जाते या धास्तीने शेत गहाण पडू लागले. गाडगे महाराज (१८७६–१९५६) कीर्तनांतून कर्ज काढून तिथी आणि जेवणावळी घालू नका असे लोकांना बजावत राहिले. त्याआधी २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने भटजीविना विधी करण्याचा मार्ग दाखवला होता, आणि १९५६ नंतर बौद्ध घरांत मृत्यूनंतरचे जलदान विधी आणि पुण्यानुमोदन आले. तेराव्याच्या मोठ्या पंगतीला विरोध करणाऱ्या घरांनीही पहिल्या दिवशीचे शेजारचे ताट नाकारल्याचे दिसत नाही. खर्चाचा भाग गेला तरी चालतो हे लोकांनी ओळखले होते. पिठल्याला पर्याय नव्हता.

ही साखळी पूर्ण तुटण्याचा प्रसंग २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत आला. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, भेटायला जाता येत नव्हते, आणि कित्येक घरांत सगळेच विलगीकरणात होते. तेव्हा डबा दाराच्या कडीला अडकवून, बेल वाजवून मागे सरकायचे, एवढीच सोय उरली. स्टीलच्या डब्याऐवजी कागदी किंवा प्लास्टिकचा डबा आला, कारण तो परत घ्यायचा नव्हता. समोर बसून ‘दोन घास खा’ म्हणणारे कुणी नव्हते, त्यामुळे डबे तसेच राहत. ताट पोचवणे आणि ते खायला लावणे ही दोन वेगळी कामे आहेत हे तेव्हा सगळ्यांनाच कळले.

मोठ्या शहरांत आता सुतक तीन दिवसांवर आणणारी घरे वाढली आहेत, आणि सोसायटीच्या ग्रुपवर दिवसांची वाटणी होते. पोळी-भाजी केंद्रातून मागवलेले जेवणही चालते. आश्वलायनाने विकत घेतलेले चालेल असे सांगितले आहेच.

पहिल्या वर्षातला दुसरा अवघड दिवस दिवाळीचा. दुःखाच्या घरात त्या वर्षी फराळाची कढई चढत नाही, रांगोळी आणि आकाशकंदील नसतो. तिथे फराळ नातलगांकडून, शेजाऱ्यांकडून जातो. तो सजवलेल्या खोक्यातून नेऊ नये, रोजच्या डब्यातून न्यावा. चिवडा, शेव, शंकरपाळे पुरेत. पाडव्याच्या सकाळच्या गडबडीत नेण्यापेक्षा वसुबारसेच्या किंवा धनत्रयोदशीच्या संध्याकाळी न्यावा. गेलेल्या माणसाला आवडणारा पदार्थ माहीत असेल तर तो घालावा की नाही, हे त्या घरातल्या एखाद्या व्यक्तीला आधी विचारून घ्यावे. काहींना तो पाहवत नाही, काहींना तोच हवा असतो. आणि या डब्याचीही परतफेड त्या वर्षी घ्यायची नसते.