दवाखान्यातली दुसरी रात्र: स्मृतिभ्रंश झालेला माजी सैनिक आणि डिलिरियम

लघवीच्या जंतुसंसर्गासाठी भरती केलेला ऐंशीचा माजी सैनिक दुसऱ्या रात्री सलाईनची सुई उपटून टाकतो, खाटेवरून उतरतो आणि वॉर्डबॉयवर ओरडतो, ‘थम! कौन आता है?’ मुलगा धावत जाऊन सांगतो, ‘सिस्टर, बाबा सांजेपासून असंच करून राह्यले.’ केसपेपरवर स्मृतिभ्रंश आधीच लिहिलेला असतो, त्यामुळे आजार वाढला असं सगळेच धरून चालतात. पुष्कळदा हे खरं नसतं.

स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांच्या चालीने वाढतो. एका रात्रीत माणूस बदलला तर आधी डिलिरियमचा संशय घ्यायचा. हा मेंदूचा तात्पुरता गोंधळ तासागणिक कमी-जास्त होतो. सकाळी नातवाला नावाने हाक मारणारे आजोबा रात्री भिंतीवर माणसं चढताना पाहतात. तापात माणूस ‘वातात बरळतो’ असं जुने लोक म्हणत, ते हेच. त्याचं दुसरं रूप जास्त फसवं असतं. माणूस ओरडत नाही, नुसता पेंगतो, घास तोंडात धरून ठेवतो. ‘आज बाबा शांत आहेत’ म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. मला विचाराल तर ओरडणाऱ्यापेक्षा या शांत रुग्णाची काळजी जास्त वाटायला हवी.

हे का होतं? अल्झायमरमध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सर्वात जास्त आढळणाऱ्या प्रकारात, अॅसिटिलकोलीन हे रसायन तयार करणाऱ्या मेंदूपेशी मरत जातात. लक्ष आणि स्मरण या दोन्हींना ते लागतं. डोनेपेझिलची गोळी देतात ती हे रसायन टिकवायला. पण सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, पोटातल्या मुरड्यासाठीचं डायसायक्लोमिन, नसांच्या दुखण्यासाठीचं अमिट्रिप्टिलिन ही औषधं त्याच रसायनाचं काम अडवतात. एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं, असा हा कारभार. यातल्या काही गोळ्या तर गावातल्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय येतात आणि डॉक्टरांना त्यांचा पत्ताच नसतो. आधीच तोळामासा असलेल्या मेंदूवर मग जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, अंगावर काढलेलं दुखणं यांतलं काहीही येऊन पडलं की तोल जातो.

आपल्याकडे त्यात उन्हाची भर. नागपूरने मे 2013 मध्ये 47.9 अंश पाहिले आहेत. म्हातारपणी तहान मंदावते, स्मृतिभ्रंशात पाणी प्यायचं आठवत नाही, आणि बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर शरीर आणखी कोरडं पडतं. ऐन मे महिन्यात म्हातारा माणूस अचानक भ्रमिष्टासारखा वागू लागला, तर ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून मोकळं होण्याआधी दिवसभरात त्याच्या पोटात पाणी किती गेलं ते बघावं.

मग यात सैनिकांचं वेगळं काय? अमेरिकेत माजी सैनिकांच्या आरोग्याच्या नोंदी एकत्र ठेवल्या जातात, म्हणून यावरचे मोठे अभ्यास तिथले आहेत. 2018 मधल्या एका अभ्यासात साडेतीन लाखांहून अधिक माजी सैनिकांच्या नोंदी तपासल्या. डोक्याला सौम्य मार बसलेल्यांमध्ये, अगदी शुद्ध हरपली नसली तरी, स्मृतिभ्रंशाचं निदान दुपटीहून अधिक आढळलं. 2010 च्या अभ्यासात युद्धासारख्या आघाताचा मानसिक त्रास, म्हणजे पीटीएसडी, असलेल्यांमध्येही धोका जवळपास दुप्पट निघाला. हे आकडे जसेच्या तसे आपल्या फौजींना लावता येणार नाहीत. पण 1971 च्या लढाईतले जवान आज सत्तरी ओलांडून गेलेत, आणि भारतात साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे 7.4 टक्के आहे. शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. शिवाय तोफखान्यात नोकरी केलेल्यांचे कान गेलेले असतात. कानाचं मशीन घरीच राहिलं, तर डॉक्टरांचा प्रश्न ऐकू न आलेला माणूसही गोंधळलेला ठरतो.

फौजीची दुसरी अडचण म्हणजे दुखलं तरी न सांगण्याची सवय. स्मृतिभ्रंशात तर सांगायला शब्दही उरत नाहीत. 2000 मधल्या एका अभ्यासात खुब्याचं हाड मोडलेल्या, पुढच्या टप्प्यातल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना इतरांच्या एक तृतीयांशच वेदनाशामक मॉर्फिन मिळालं होतं. हाड तर सारखंच मोडलं होतं! यावर 2003 मध्ये वेदना ओळखायचं एक मोजमाप आलं, तेही अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्डच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातून. त्यात रुग्णाला काहीच विचारायचं नसतं. श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची ठेवण आणि समजावल्यावर शांत होतो का, या पाच गोष्टी बघून प्रत्येकीला 0 ते 2 गुण द्यायचे. मूठ आवळलेली, गुडघे पोटाशी घेतलेले, कूस बदलताना कपाळावर आठ्या: हे घरच्या माणसालाही दिसतं.

खाटेला खिळून राहणं हाही एक आजारच. 2007 मधल्या एका अभ्यासात धडधाकट वृद्धांना दहा दिवस झोपवून ठेवलं, तर पायांचं मांस जवळपास एक किलोने घटलं. उलट, 1999 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या 852 रुग्णांच्या अभ्यासात चष्मा-कानाचं मशीन देणं, पाणी पाजणं, चालवणं, रात्री झोपू देणं आणि आज कोणता वार, आपण कुठे आहोत हे सांगत राहणं, एवढ्यावर डिलिरियमचं प्रमाण 15 वरून 9.9 टक्क्यांवर आलं. त्यासाठी तिथे खास माणसं नेमली होती. आपल्या वॉर्डात खाटेशेजारी चटई टाकून झोपणारी सून किंवा नातू हे फुकट करतो, आणि राउंडच्या वेळी त्यालाच बाहेर काढतात. सुभेदार साहेबांना ‘सुभेदार साहेब’ म्हणून हाक मारणारा ओळखीचा माणूस जवळ राहू द्या, असा आग्रह धरायला संकोच नको. लघवीची नळी कधी काढणार, हेही रोज विचारावं. नळीनेच जंतुसंसर्ग वाढतो आणि नळीमुळेच माणूस उठत नाही.

जागा बदलली की गोंधळ वाढतो. 2003 पासून पेन्शनधारक माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही उपचारांची योजना आहे, पण पॉलीक्लिनिक आणि यादीतले दवाखाने शहरांत. मेळघाटातल्या धारणीहून अमरावती म्हणजे घाट उतरून सुमारे दीडशे किलोमीटर. शुद्ध हरपत असेल, श्वास लागला असेल, झटका आला असेल तर वेळ न घालवता न्यावंच. एरवी लघवी, साखर, ताप आणि पोट साफ आहे की नाही हे ग्रामीण रुग्णालयात आधी तपासून घेतलं, तर एखादी खेप वाचते.

सुट्टी झाल्यावरही डिलिरियम कधी कधी काही आठवडे रेंगाळतो, तेवढ्यावरून धीर सोडू नये. कागदावर शांत करणारी किंवा झोपेची गोळी लिहिली असेल, तर ती कोणत्या तारखेला बंद करायची हे डॉक्टरांकडून तिथल्या तिथे लिहून घ्यावं. वॉर्डात दोन रात्रींसाठी सुरू केलेली गोळी घरी वर्षभर चालू राहते, आणि म्हातारा पहाटे बाथरूमला जाताना पडतो तेव्हा तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.