उगवतीचा चंद्र खरंच जवळ येतो का?

‘उगवताना चंद्र पृथ्वीच्या जवळ असतो, म्हणून मोठा दिसतो’ हा मेसेज कोजागिरीला हमखास फिरतो. पटतोही; धरमपेठेतल्या गच्चीवरून सीताबर्डीच्या इमारतींमागून वर येणारा तो तांबूस गोळा परातीएवढा वाटतो. खरं तर उलट आहे. चंद्र सरासरी ३,८४,४०० किमी दूर. पृथ्वी फिरते आणि तो माथ्यावर येईपर्यंत आपणच सुमारे ६,००० किमी त्याच्या जवळ सरकलेलो असतो. मोठेपणा मेंदूच्या अंदाजातला.

पडताळायचंय? काडीच्या टोकाला तुरीचा दाणा चिकटवा, हात ताठ करा, एक डोळा मिटा. उगवताना दाणा चंद्राला जेवढा झाकतो, तेवढाच मध्यरात्रीही. मी दोन्ही चंद्र त्याच मापाने वहीत काढलेत. तरी पुढच्या पौर्णिमेला तो पुन्हा परातीएवढाच दिसला!