फ्रीजमधले रिव्हेट आणि बर्फाखालची विमानं

आमच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर मध्यंतरी एक फोटो फिरत होता. दोन शेपट्यांचं चंदेरी लढाऊ विमान, आणि खाली मजकूर: 'पन्नास वर्षं बर्फाखाली होतं. बाहेर काढलं, पेट्रोल भरलं, उडालं! कुठे गेली ती जुनी क्वालिटी?' त्याखाली टाळ्यांची रांग. मी नेहमीप्रमाणे लांबलचक उत्तर लिहायला घेतलं, अर्ध्यावर खोडलं. ते इथे पुरं करतो.

विमान खरं आहे, गोष्ट निम्मी आहे. १५ जुलै १९४२ रोजी अमेरिकेहून ब्रिटनला निघालेली सहा पी-३८ लढाऊ आणि दोन बी-१७ बॉम्बफेकी विमानं खराब हवेमुळे ग्रीनलंडच्या बर्फावर उतरली. माणसं सगळी वाचली, विमानं तिथेच राहिली. अटलांटाच्या हौशी मंडळींनी अनेक मोहिमा काढून ती शोधली, तोवर त्यांच्यावर सुमारे ८० मीटर बर्फ साचला होता. गरम पाण्याने बर्फ वितळवत विहिरीसारखं भोक पाडून ते आधी एका बी-१७पर्यंत पोचले, तर ते बर्फाच्या भाराने चेपून निकामी झालेलं. मग १९९२मध्ये एक पी-३८ तुकड्यातुकड्यांनी वर आलं. केंटकीतल्या मिडल्सबरो गावच्या हँगरमध्ये त्यावर दहा वर्षं काम झालं आणि २६ ऑक्टोबर २००२ला 'ग्लेशियर गर्ल' उडालं. 'पेट्रोल भरलं' या दोन शब्दांत ही दहा वर्षं गडप झाली आहेत.

ती कशात गेली हे कळायला विमानाच्या पत्र्यात शिरावं लागेल. माझा आवडता विषय हाच, तेव्हा थोडं सोसा.

शुद्ध अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं. १९०६च्या सुमारास जर्मनीत आल्फ्रेड विल्म नावाचा धातुशास्त्रज्ञ काडतुसांसाठी हलका आणि कठीण मिश्रधातू शोधत होता. त्याने अ‍ॅल्युमिनियममध्ये चारेक टक्के तांबं आणि किंचित मॅग्नेशियम घातलं, तापवून पाण्यात विझवलं आणि काठिण्य मोजलं. विशेष काही नाही. एकदोन दिवसांनी तोच तुकडा पुन्हा मोजला, तर तो कठीण झालेला! कुणी हात लावला नव्हता, तापवलं नव्हतं. नुसता पडून राहून धातू बळकट झाला होता. त्यातून ड्युरालुमिन आलं आणि धातूच्या विमानांचं युग सुरू झालं. हे का होतं, ते खुद्द विल्मला सांगता आलं नाही.

पाकात साखर विरघळते तसं तांबं अ‍ॅल्युमिनियममध्ये विरघळतं. पाचशे अंशांच्या आसपास चार टक्के सहज मावतं, थंडपणी मात्र जेमतेम अर्धा टक्काही मावत नाही. हळू थंड केलं तर जास्तीचं तांबं गाठी धरून बाहेर पडतं. झटकन विझवलं तर त्याला पळायला वेळच मिळत नाही, ते अडकून पडतं. पुढचे चार-पाच दिवस तांब्याचे अणू सरकत सरकत एकमेकांना गाठतात आणि एक-दोन अणू जाडीच्या चकत्या तयार करतात. १९३८मध्ये फ्रान्समध्ये गिनिए आणि ब्रिटनमध्ये प्रेस्टन यांनी क्ष-किरणांनी त्या वेगवेगळ्या हुडकल्या.

चकत्यांनी बळ कसं येतं? धातू वाकतो तेव्हा अणूंचे थर एकदम घसरत नाहीत. जड सतरंजी ओढण्याऐवजी तिला एक सुरकुती पाडून ती पुढे ढकलत न्यावी, तसा स्फटिकातला दोष पुढे सरकतो. या दोषाला स्थानभ्रंश म्हणतात. तांब्याचा अणू अ‍ॅल्युमिनियमपेक्षा लहान, त्यामुळे चकतीच्या दोन्ही बाजूंचे थर आत ओढले जातात, आजूबाजूच्या जाळीत ताण तयार होतो आणि सुरकुती तिथे अडते. चकत्या बारीक आणि दाट असतील तर पावलोपावली अडते. त्या मोठ्या आणि विरळ झाल्या तर सुरकुती त्यांच्यामधून वाट काढते आणि धातू पुन्हा मऊ पडतो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

याचा एक गमतीचा परिणाम म्हणजे विमान कारखान्यातला फ्रीज. पंखाचे पत्रे जोडणारे काही रिव्हेट याच जातीच्या मिश्रधातूचे असतात. कठीण झालेला रिव्हेट ठोकला तर तडकतो. म्हणून तो तापवून, विझवून, मऊ असतानाच ठोकायचा. पण विझवल्या क्षणापासून घड्याळ सुरू! थंडीत अणू सुस्तावतात, म्हणून रिव्हेट फ्रीजमध्ये ठेवतात आणि बाहेर काढल्यावर प्रकारानुसार दहा-वीस मिनिटांत किंवा फार तर तासाभरात ठोकून मोकळे होतात. जोडल्यानंतर ते जागच्या जागी बळकट होतात. गॅरेजमध्ये विमान दुरुस्त करणाऱ्या हौशी माणसाने हा नियम मोडला, तरी बाहेरून काही दिसत नाही. रांगेतले सगळे रिव्हेट सारखेच चकचकतात.

आता तांब्याची दुसरी बाजू. धातू लहान लहान स्फटिककणांचा बनलेला असतो. कणांच्या सीमेवर तांबं जास्त गोळा झालं, तर शेजारची पट्टी तांब्याला मुकते. पाणी आणि मीठ मिळालं की या दोघींची चिमुकली बॅटरी तयार होते आणि तांबं नसलेली पट्टी झिजत जाते. लाटलेल्या पत्र्यात कण चपटे झालेले असतात. झीज त्यांच्यामधून आडवी पसरते, गंज फुगतो आणि पत्रा खारी बिस्किटासारखा पापुद्रे सोडतो. ज्या तांब्याने ताकद दिली, तेच आतून पोखरतं.

यावर उपाय म्हणून पत्र्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर चढवतात. तो स्वतः झिजतो आणि आतल्याला वाचवतो. आता जुनं विमान हाती लागलं की उत्साही मंडळी पहिलं काय करतात? पॉलिश! आरशासारखं होईपर्यंत, दरवर्षी. तो थर पत्र्याच्या जाडीच्या पाचेक टक्के असतो. पुरेसं घासलं की तोच निघून जातो. फोटो फार सुंदर येतो.

थोडक्यात, पाणी नाही तर बॅटरी नाही. गोठलेल्या बर्फात झीज जवळजवळ थांबते, तिथे शत्रू फक्त वजन. ओल्या मातीत उलट. म्हणून ब्रह्मदेशातल्या 'पुरलेल्या स्पिटफायर' या ब्रिटिश लढाऊ विमानांची गोष्ट मला पहिल्यापासून पटली नव्हती. महायुद्ध संपताना इंग्रजांनी यांगूनजवळच्या मिंगलाडॉन विमानतळावर डझनावारी स्पिटफायर खोक्यांत घालून पुरली, अशी वदंता. एका इंग्रज शेतकऱ्याने त्या ध्यासात वर्षानुवर्षं घालवली. यंत्राने जमिनीखालचा वेध घेतला तेव्हा काहीतरी धातूसारखं दिसलं, एका व्हिडिओ गेम कंपनीने पैसे दिले आणि २०१३च्या जानेवारीत खोदकाम झालं. एकही विमान निघालं नाही. आपल्याकडे पायाळू माणसाला जमिनीखालचं गुप्तधन दिसतं म्हणतात. इथे पायाळूच्या जागी यंत्र होतं, बाकी सगळं तेच. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तोही योगायोगच. आणि समजा, खोकी निघाली असती, तरी जवळजवळ सत्तर पावसाळे चिखलात काढल्यावर त्यांत काय उरलं असतं?

हौसेला व्यावसायिक शिस्तीची जोड मिळाली की काय होतं, याचं एक उदाहरण आपल्या घरचं आहे. युद्धानंतर कानपूरला लिबरेटर बॉम्बफेकी विमानं मुद्दाम मोडतोड करून टाकून दिली होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४०मध्ये बंगळुरूला काढलेल्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्यांतली चाळीसेक उठवली. मुनशी नावाच्या वैमानिकाने ती एकेक करून कानपूरहून बंगळुरूला उडवत आणली. हवाई दलाने ती १९६८पर्यंत वापरली. त्यांतलंच एक पुढे अमेरिकेत जुनी विमानं उडवणाऱ्या कॉलिंग्स फाउंडेशनकडे गेलं आणि १९८९मध्ये पुन्हा उडालं. पण त्याच संस्थेचं 'नाइन-ओ-नाइन' हे बी-१७ विमान २ ऑक्टोबर २०१९ला कनेक्टिकटमध्ये प्रवाशांसह कोसळलं, तेरापैकी सात जण गेले. चौकशीत मॅग्नेटो (इंजिनातल्या ठिणगीसाठी वीज तयार करणारं यंत्र) आणि स्पार्क प्लगची हेळसांड उघडकीला आली. विमान चालवणारा आणि देखभाल पाहणारा माणूस एकच होता. पत्रा सगळ्यांना दिसतो, मॅग्नेटो दिसत नाही.

राहिलं 'की बर्ड' नावाचं विमान. हे बी-२९ बॉम्बफेकी विमान फेब्रुवारी १९४७मध्ये उत्तर ग्रीनलंडच्या एका गोठलेल्या तळ्यावर उतरलं आणि तिथेच थांबलं. कोरडी थंडी असल्यामुळे पत्रा जवळजवळ शाबूत राहिला. वेगाच्या शर्यती जिंकलेला वैमानिक डॅरिल ग्रीनामायर १९९४मध्ये काही साथीदारांसह तिथे गेला. उघड्यावर, बर्फात, त्यांनी इंजिनं आणि पंखे बदलले. मुख्य मेकॅनिक तिथेच आजारी पडला आणि पुढे दगावला. २१ मे १९९५ला इंजिनं सुरू झाली आणि विमान बर्फावरून चालू लागलं. मागच्या भागात एक छोटं सहाय्यक इंजिन होतं. त्याची जुगाड करून बसवलेली इंधनटाकी धक्क्याने हलली, इंधन सांडलं, आग लागली.

माणसं वाचली, विमान मधोमध जळालं. फोटोत काही भाग धड दिसतो. एखादा म्हणेल, तेवढा तरी पंख वापरता आला असता. पण अ‍ॅल्युमिनियम वितळतं ६६० अंशांना आणि तांब्याच्या चकत्या दोनशेच्या पुढेच भराभर मोठ्या आणि विरळ व्हायला लागतात. आगीची धग जिथे जिथे पोचली, तिथे सुरकुतीला वाट मोकळी झाली. ४८ वर्षांच्या थंडीने जपलेलं बळ अशा पत्र्यातून काही मिनिटांत निघून जातं, आणि बाहेरून तो तसाच चंदेरी दिसत राहतो.