नवा मोबाइल जुन्या संगणकाला जोडताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मालवण, देवगड आणि कणकवली परिसरातील अनेक घरांत, बागायतदारांच्या कार्यालयांत आणि पर्यटकांची न्याहारी-निवासाची सोय करणाऱ्या कुटुंबांत दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला संगणक आजही रोजच्या वापरात आहे. आंब्याच्या पेट्यांचा हिशेब, खोल्यांच्या नोंदी आणि घरातील कार्यांचे फोटो त्यातच साठवलेले असतात. मोबाइल मात्र मधल्या काळात दोन-तीनदा बदललेला असतो. नवा मोबाइल जोडल्यावर संगणकाने दाद दिली नाही, की संगणक निकामी झाला असे समजून तो मोडीत काढण्याचा विचार सुरू होतो. तसे करण्यापूर्वी हे पत्रक कृपया वाचावे. आमच्याकडे येणाऱ्या अशा बहुतेक तक्रारींचे मूळ केबल, मोबाइलमधील एखादी निवड किंवा फाइलचा प्रकार यांतच सापडते.

प्रथम केबल पाहावी. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये दोन तारा विजेसाठी आणि दोन माहितीसाठी असतात. बाजारात मिळणाऱ्या अनेक स्वस्त केबलींमध्ये माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात, त्यामुळे मोबाइल चार्ज होत राहतो, पण संगणकाला त्याचा पत्ताही लागत नाही. शिवाय नव्या मोबाइलसोबत बऱ्याचदा दोन्ही टोकांना टाइप-सी (लहान, लंबगोल, कोणत्याही बाजूने बसणारी पिन) असलेली केबल मिळते आणि जुन्या संगणकाला तसे पोर्टच नसते. अशा वेळी एका टोकाला जुने चौकोनी यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला टाइप-सी असलेली, ‘डेटा केबल’ म्हणून विकली जाणारी केबल घ्यावी आणि ती कॅबिनेटच्या मागील पोर्टला जोडावी. पुढची पोर्टे आतल्या लांब वायरीने मदरबोर्डला (संगणकाच्या मुख्य पटलाला) जोडलेली असतात, म्हणून तेथे जोडणी कच्ची राहू शकते. किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत पोर्टांच्या पट्ट्यांवर गंज चढतो, म्हणून पोर्टात हिरवट किंवा पांढरा थर दिसत असेल तर पिन अथवा सुई घालून खरवडू नये. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने, वीज पूर्ण बंद करून साफ करावा लागतो. मोबाइलने पोर्टात ओलावा असल्याची सूचना दाखवली, तर ती सूचना जाईपर्यंत केबल लावू नये.

केबल योग्य असूनही संगणकावर काहीच दिसत नसेल, तर मोबाइलचे कुलूप उघडावे आणि वरून खाली बोट ओढून सूचनांची यादी पाहावी. अँड्रॉइड मोबाइल जोडल्यावर तो सुरक्षिततेसाठी फक्त चार्जिंगच्या स्थितीत राहतो. त्या सूचनेवर बोट ठेवून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडल्याशिवाय संगणकाला आतले काहीही दिसत नाही, आणि ही निवड बहुधा प्रत्येक जोडणीच्या वेळी नव्याने करावी लागते. आयफोन असल्यास ‘या संगणकावर विश्वास ठेवायचा का’ असा प्रश्न येतो, त्याला होकार द्यावा. अँड्रॉइड मोबाइलमधील फाइली पाहण्यासाठी लागणारा एमटीपी ड्रायव्हर (संगणकाला मोबाइल ओळखता यावा यासाठीचा छोटा प्रोग्राम) विंडोज ७ मध्ये मुळातच असतो. म्हणून इंटरनेटवरील अनोळखी संकेतस्थळावरून ‘मोबाइल ड्रायव्हर’ या नावाचे काहीही उतरवून घेऊ नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे. संगणकावर विंडोज एक्सपी असेल, तर तेथे विंडोज मीडिया प्लेअरची ११ वी आवृत्ती आवश्यक असते. एवढ्या जुन्या संगणकासाठी दोन टोकांचा, म्हणजे टाइप-सी आणि साधे यूएसबी असे दोन्ही असलेला पेन ड्राइव्ह हा आमच्या मते अधिक सोपा मार्ग आहे. तो एफएटी३२ या फाइली साठवण्याच्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असल्यास ४ जीबी किंवा त्याहून मोठा व्हिडिओ त्यावर बसत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

फोटो घेताना संपूर्ण फोल्डर एकदम उचलू नये. हजारो फोटो एकाच वेळी ओढले की जुना संगणक मध्येच अडकतो आणि कोणते आले, कोणते राहिले हे कळेनासे होते. महिन्यामहिन्याचे किंवा दोनशे-तीनशे फोटोंचे गट करून ते ‘कॉपी’ करावेत. ‘कट’ कधीही करू नये, कारण पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो आणि अर्धवट हलवलेली फाइल दोन्हीकडून जाऊ शकते. व्हॉट्सॲपवरील फोटो कॅमेऱ्याच्या नेहमीच्या ‘डीसीआयएम’ फोल्डरमध्ये सापडत नाहीत. अलीकडच्या अँड्रॉइड मोबाइलमध्ये ते ‘अँड्रॉइड’ फोल्डरमधील ‘मीडिया’ फोल्डरात असतात. गणपतीत चाकरमान्यांनी पाठवलेले फोटो शोधताना नेमकी येथेच गल्लत होते.

आयफोनच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. २०१७ पासून आयफोन फोटो एचईआयसी या प्रकारात साठवतो आणि विंडोज ७ ला तो प्रकार उघडता येत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘फॉरमॅट्स’ खाली ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडल्यास पुढील फोटो जेपीजी प्रकारात निघतात. आधी काढलेल्या फोटोंसाठी ‘फोटोज’च्या सेटिंगमध्ये, अगदी खाली, संगणकाकडे पाठवताना ‘ऑटोमॅटिक’ असा पर्याय असतो आणि तो निवडला की फोटो जाता जाता बदलून मिळतात. मात्र या बदलाच्या ओझ्याने जोडणी मध्येच तुटू लागली, तर ‘कीप ओरिजिनल्स’ निवडून मूळ फाइली घ्याव्यात आणि त्यांचे रूपांतर नंतर करावे.

मराठी नावे व मराठी मजकूर यांविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सर्वाधिक मनस्ताप येथेच होतो. मोबाइलमधील नावे व क्रमांक सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या) फाइलमध्ये घेऊन ती जुन्या एक्सेलमध्ये नुसती दोनदा क्लिक करून उघडली, तर मराठी नावांच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग दिसते. नावे नष्ट झालेली नसतात. अशी फाइल जतन न करता बंद करावी, एक्सेलमध्ये कोरे पान उघडून ‘डेटा’ विभागातील ‘फ्रॉम टेक्स्ट’ने ती पुन्हा आणावी आणि ‘फाइल ओरिजिन’ विचारल्यावर ‘६५००१ : युनिकोड यूटीएफ-८’ निवडावे. नावे जशीच्या तशी दिसू लागतात.

याच्या उलट प्रवासात, म्हणजे जुन्या संगणकावरील मराठी पत्र मोबाइलवर पाठवताना, अडचण वेगळी असते. श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या प्रोग्रामांच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेत असतात आणि तो फॉन्ट मोबाइलमध्ये नसल्याने मजकूर वाचता येत नाही. केवळ वाचण्यासाठी पाठवायचे असेल, तर संगणकावरच त्याची पीडीएफ करावी, कारण तिच्यात फॉन्ट सामावलेला असतो. मजकुरात पुढे बदल करायचे असतील, तर तो युनिकोडमध्ये (सर्व मोबाइल व संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतांत) रूपांतरित करावा लागतो आणि रूपांतरानंतर डोळ्यांखालून घालावाच लागतो. जुन्या फॉन्टमध्ये ‘शिरोडा’मधील पहिली वेलांटी ‘श’च्या आधी, आणि ‘वेंगुर्ले’मधील रफार ‘ल’च्या नंतर टाइप होत असे, तर युनिकोडमध्ये हा क्रम नेमका उलटा आहे. त्यामुळे वेलांट्या आणि रफार शेजारच्या अक्षरावर सरकण्याची शक्यता असते. दस्तऐवजातील गावांची व माणसांची नावे म्हणूनच एकेक करून तपासावीत.

केबलशिवाय जोडणी करायची झाल्यास ब्लूटूथ अतिशय संथ असल्याने एक-दोन फाइलींपुरतेच वापरावे. मोबाइलचा हॉटस्पॉट जुन्या संगणकाला दिसत नसेल, तर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झऐवजी २.४ गिगाहर्ट्झ निवडावे, कारण जुन्या वाय-फाय कार्डांपैकी अनेकांना ५ गिगाहर्ट्झच्या लहरी पकडताच येत नाहीत.

येथे एक इशारा स्पष्टपणे द्यावासा वाटतो. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी सुरक्षा १४ जानेवारी २०२० रोजी, विंडोज ८.१ ची १० जानेवारी २०२३ रोजी आणि विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. क्रोम ब्राउझरची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९ ही होती, आणि संगणकासाठीचे गुगल ड्राइव्हही आता त्यावर बसत नाही. फोटो आणि हिशेब साठवण्यासाठी असा संगणक केबलने अवश्य वापरावा, परंतु त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत आणि आपल्या गुगल खात्याचा पासवर्डही टाकू नये. विंडोज ११ टाकून द्या, अशी मागणी ग्राहक करतात. त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय संगणकात लागते, आणि ती दहा-बारा वर्षांपूर्वीच्या बहुतेक संगणकांत नसते.

संगणकावर फोटो आले म्हणून मोबाइलमधील फोटो लगेच पुसू नयेत. आधी चार-दोन फोटो उघडून पाहावेत आणि एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावी. मोबाइलमधील जागा मोकळी करण्यासाठी गुगल फोटोजमधून थेट फोटो काढून टाकल्यास ते बॅकअपमधूनही जातात. त्यासाठी तेथील ‘फ्री अप स्पेस’ हा पर्याय वापरावा, तो फक्त मोबाइलमधील प्रत काढतो.

वरील सर्व करूनही जोडणी होत नसल्यास मोबाइल, आपण वापरत असलेली केबल आणि कॅबिनेट अशा तिन्ही वस्तू आमच्याकडे आणाव्यात. मॉनिटर व कीबोर्ड आणण्याची आवश्यकता नाही. मोबाइलचे कुलूप आपण स्वतः आमच्यासमोर उघडावे. पासवर्ड किंवा ओटीपी आम्हाला सांगू नये, आणि आमच्या नावाने कोणी फोनवर मागितल्यास तोही देऊ नये.