ओहोटीच्या वेळी भरतीचा सराव

पहाटे ओहोटी असली की रत्नागिरीच्या भाट्ये किनाऱ्यावरची ओली वाळू रस्त्यासारखी घट्ट होते आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं तिच्यावर १६०० मीटर पळतात. परवा एकाने शेवटचे शंभर मीटर जीव तोडून काढले, घड्याळ थांबवलं आणि वाळूत फतकल मारली. मिनिटभराने उठला तो झोकांड्या खातच. डोळ्यांपुढे अंधारी. मित्रांचं निदान तयार होतं, "चहा-बिस्किटावर पळतोस, मग काय होणार?"

रिकामं पोट थोडंफार कारण असेलही, पण खरी गोम पोटऱ्यांत होती. पळणं संपल्यावर एकदम न थांबता हळूहळू थांबायचं, म्हणजे कूल डाउन करायचं, ते त्याने केलंच नव्हतं.

बसल्या जागी आपलं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फिरवतं. त्यातलं जेमतेम १५ ते २० टक्के स्नायूंना मिळतं. जोरात पळताना हृदय २० लिटरच्या घरात जातं आणि त्यातलं ८० टक्क्यांच्या आसपास रक्त स्नायूंकडे वळतं. पायांत उतरलेलं हे रक्त वर चढवायला पोटऱ्या मदत करतात. पाऊल टाकलं की स्नायू आवळतो, आतली शीर दाबली जाते, रक्त वर सरकतं. शिरेतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. वाडीतला हापसाच म्हणा ना. दांडा मारणं थांबलं की पाणी थांबलं. एकदम बसलं की हापसा बंद, रक्तवाहिन्या मात्र अजून रुंदावलेल्याच. रक्त पायांत साचतं, रक्तदाब घसरतो, डोक्याला पुरवठा कमी पडतो.

त्यात आपली कोकणी हवा. लिटरभर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण दमट हवेत तो वाळत नाही, नुसता निथळतो. मग शरीर गार होण्यासाठी त्वचेकडे आणखी रक्त पाठवतं आणि हृदयाकडे परतणारं रक्त आणखी घटतं.

"चाललं की लॅक्टिक अ‍ॅसिड निघून जातं, पाय दुखत नाहीत," असं मैदानावर हमखास ऐकू येतं. ते अर्धंच खरं. चालण्याने लॅक्टेट (म्हणजे हेच अ‍ॅसिड, रक्तातल्या रूपात) लवकर उतरतं, पण बसून राहिलात तरी तासाभरात ते उतरतंच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या ठणक्याशी त्याचा संबंध नाही. पाखाडी, म्हणजे चढणीची पायऱ्यांची वाट, चढताना दम लागतो, पण मांड्या धरतात त्या उतरल्यामुळे: ताणला जात असतानाच भार पेलणाऱ्या स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते. हा ठणका कूल डाउनने फारसा कमी होत नाही, असंच २०१८ सालच्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं. फायदा आहे तो रक्ताची आणि ठोक्यांची घडी हळूहळू बसण्याचा, आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना तर तो जास्तच.

पाच-दहा मिनिटं पुरतात: आधी संथ पळणं, मग चालणं. एवढं करूनही घेरी आलीच तर उभं राहण्याचा हट्ट नको. आडवं व्हायचं, पाय उंचावर.

चालायचा कंटाळा असेल तर एक युक्ती आहे. पळणं जिथे संपतं, तिथून अर्ध्या किलोमीटरवर सुरूच्या झाडांखाली चपला काढून ठेवायच्या.