भूगोलाचे शोध केवळ धडधाकट पुरुषांचेच? एक खुलासा

अंजनेरी किंवा ब्रह्मगिरीच्या वाटेवर नाशिकच्या गिरिप्रेमींच्या गप्पांत, आणि कित्येकदा शाळेत भूगोलाच्या तासालाही, जगाचा शोध धडधाकट पुरुषांनीच लावला असे ठामपणे सांगितले जाते. हा समज वस्तुस्थितीला धरून नाही. ब्रिटिश नौदलातील अधिकारी जेम्स होल्मन यांची दृष्टी पंचविशीतच गेली, तरीही पुढे त्यांनी भारत आणि सिलोनसह जगभर, बहुतांशी एकट्याने, प्रवास केला. काठीचे धातूचे टोक जमिनीवर आपटून उमटणाऱ्या आवाजावरून ते भोवतालचा अंदाज घेत, आणि आडव्या तारा ताणलेल्या चौकटीच्या आधाराने, ओळ न सोडता, स्वतःच्या हाताने प्रवासाची टिपणे लिहीत. अमेरिकेतील यादवी युद्धात उजवा हात गमावलेले भूगर्भशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८६९ मध्ये तिथल्या कोलोरॅडो नदीवरील मोहिमेचे नेतृत्व केले, हेही येथे सांगायलाच हवे.

स्त्रियांची नावे नोंदींत कमी दिसतात, याचे मोठे कारण त्यांच्या कुवतीत नव्हे, तर संस्थांच्या नियमांत आहे. पाठीच्या कण्याचे जुने दुखणे सोसत लडाखपर्यंत पोहोचलेल्या ब्रिटिश प्रवासी-लेखिका इझाबेला बर्ड यांना लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८९२ मध्ये सदस्यत्व दिले खरे. परंतु पुढच्याच वर्षी या सोसायटीने नव्या स्त्री-सदस्यांना मज्जाव केला, आणि हा उघड अन्याय १९१३ पर्यंत चालू राहिला.