ऑलिव्हचा चोथा कोंबडीपर्यंत कसा पोहोचला

शंभर किलो ऑलिव्ह गाळले की तेल निघतं साधारण वीस किलो. बाकी उरतो तो साली, गर आणि बियांचा चोथा, आणि काळं कडू पाणी. भूमध्य समुद्राकाठच्या तेलगाळपाइतकाच त्याच्या विल्हेवाटीचा प्रश्न जुना आहे.

या पाण्याला रोमन लोक ‘अमुर्का’ म्हणत. इ. स. पू. दुसऱ्या शतकात रोमन लेखक केटोने आपल्या शेतीविषयक ग्रंथात ते खळं तयार करायला वापरायला सांगितलं. शिवाय खाण्यावरून मन उडालेल्या गुरांच्या वैरणीवर ते शिंपडावं, मात्र आधी थोडं आणि सवय झाल्यावर जास्त, असंही तो सांगतो. पुढे सव्वाशे वर्षांनी वॅरो या दुसऱ्या रोमन लेखकाने लिहिलं, की हे पाणी जिथे वाहत जातं तिथली जमीन नापीक होते. मला दोघांचंही पटतं. कडवटपणा देणारी, जंतूंना आवरणारी फिनॉल द्रव्यं त्यात भरपूर असतात. मातीला जे जाचतं तेच मोजून दिलं तर उपयोगी पडू शकतं.

तरी कोंबडीची पाळी फार उशिरा आली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९८५ मध्ये ऑलिव्हच्या उपपदार्थांवर पशुखाद्य म्हणून स्वतंत्र अहवाल काढला, त्यात भर मुख्यतः रवंथ करणाऱ्या जनावरांवर होता. कारण उघड आहे. बियांच्या कठीण कवचामुळे चोथ्यात लिग्निन (लाकडाला टणकपणा देणारं द्रव्य) आणि तंतू फार, आणि ते पचवायला कोंबडीकडे गाई-मेंढीसारखं पोट नाही. म्हणून बिया काढून टाकलेला, वाळवलेला गरच तिच्या कामाचा.

१ जानेवारी २००६ पासून युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालणं बंद केलं आणि वनस्पतिजन्य पर्यायांचा शोध वाढला. ऑलिव्हमधल्या ओल्युरोपीन आणि हायड्रॉक्सिटायरोसॉल या फिनॉल द्रव्यांकडे आता नव्याने पाहिलं जाऊ लागलं. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या बाबतीत बलकातली चरबी खवट होऊ नये, हाही हेतू त्यामागे होता. ओमेगा-३ वाढवलेल्या अंड्यांत तो धोका जास्त. २०१५ मध्ये तुर्कस्तानातल्या संशोधकांनी खाद्यात १ ते ३ टक्के ऑलिव्हच्या पानांची पूड घातली, तेव्हा बलकाचा रंग गडद झाला. अंड्यांची संख्या मात्र वाढली नाही. म्हणूनच ऑलिव्हच्या अशा खाद्याला पूरक म्हणावं. मका-सोयाबीनची जागा ते घेणार नाही, आणि तशी अपेक्षा धरणं कोंबडीवर अन्याय आहे.

सगळ्यात मोठी अडचण पाण्याची आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्पेनमध्ये कमी पाण्यावर चालणारी गाळप यंत्रं आली. सांडपाणी घटलं, पण ते सगळं चोथ्यातच मुरलं. या चोथ्यात ६० ते ७० टक्के ओल असते, त्यामुळे तो पटकन खराब होतो. गाळप हिवाळ्याच्या काही महिन्यांत उरकतं, कोंबडी मात्र वर्षभर खाते. वाळवायला इंधन लागतं, आणि जास्त उष्णतेत ज्या फिनॉलसाठी हा खटाटोप, तीच कमी होतात.